पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या

(नाशिक, १९९८. नाट्यगृहाचं मागचं दार. दुपारचा प्रयोग नुकताच संपलाय.)

सुवर्णा : ...पण अण्णा, तिकिटावर नंबर होता ना? पहिली रांग, मधोमध. तुम्हा दोघांसाठी मी मुद्दाम मागून घेतली होती.

भिमाजी : व्हता ना. बसलोबी व्हतो. मंग एक म्हातारं जोडपं आलं सिन्नरचं. बाईचे गुडघे गेलेले अन् जागा वर बाल्कनीत. म्हनलं, बसा हितं, आम्ही जातो वर.

सुवर्णा : का पण?

भिमाजी : का म्हंजे? लेकीचं कार्य. पाव्हन्यांनी जिने चढायचे अन् घरच्यांनी पुढं बसायचं? लग्नात मुलीचा बाप पहिल्या पंगतीला जेवतो का?

सुवर्णा : हे लग्न नाही, अण्णा! ते पाहुणे नव्हते. तिकीट काढून आलेली माणसं होती.

भिमाजी : तुझं नाटक बघायला आले, म्हंजे पाव्हनेच की. मी तर दारात उभा ऱ्हाऊन समद्यांना या-बसा केलं. मळ्यातले गुलाबबी वाटले.

सुवर्णा : आणि आई, तूही काही बोलली नाहीस?

गोजराबाई : काय बोलू? हे उठले, मी उठले.

सुवर्णा : वरून दिसलं तुला काही?

गोजराबाई : उजेड दिसत व्हता. हिरवं कायतरी हालायचं. यांना इचारलं, ती का आपली सुवर्णा? तर म्हने नाय, आपली निळ्या लुगड्यात.

सुवर्णा : मी हिरव्यातच होते गं.

भिमाजी : लांबून समद्या सारख्याच दिसत्यात, बाई.

सुवर्णा : तिला काचबिंदू आहे, अण्णा. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली होळीपर्यंत टिकली तर टिकली, असं डॉक्टर म्हणालेत. तिला एकदा तरी मी रंगमंचावर दिसावी, म्हणून पहिली रांग.

भिमाजी : मला तर म्हनली, चष्म्यानं भागंल.

गोजराबाई : मीच सांगू दिलं नाय. दसऱ्याच्या फुलांची घाई व्हती. उगा घोर कशाला?

भिमाजी : मला वाटलं, मानाची खुर्ची. मान दुसऱ्याला द्यायचा असतो, एवढंच मला ठावं.

सुवर्णा : ते जोडपं मध्यंतरात निघून गेलं. दुसऱ्या अंकात दोन्ही खुर्च्या रिकाम्या! तीन वर्षं नाटकाचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठत होतात. मला वाटलं, तुम्हीच बसला होतात आणि याही वेळी उठून गेलात. असं भरून आलं, की संवादांचं सबंध पान गाळलं मी.

गोजराबाई : जागा मोकळी झाली व्हती?

भिमाजी : झाली व्हती. दिसत व्हती मला.

गोजराबाई : मंग मला खाली न्यायचं नाय व्हय?

भिमाजी : दिलेली जागा माघारी कशी घ्यायची? ते परत आले असते तर?

(गोजराबाई भिमाजीचा धरलेला हात सोडते.)

भिमाजी : परत कधी हाय गं खेळ? मी हिला हाताला धरून आनतो.

सुवर्णा : स्पर्धेचा होता, अण्णा. एकच प्रयोग. नंबर आला तरच पुढे. आणि पान गाळल्यावर कसला नंबर येतोय?

भिमाजी : चुकलं माझं, पोरी. लय चुकलं.

गोजराबाई : जवळ ये, सुवर्णा. तोंडाला रंग हाय का अजून?

सुवर्णा : नाही गं. पडदा पडल्या पडल्या पुसून टाकला.

गोजराबाई : असू दे. मंग कशी दिसत व्हतीस ते सांग. कुंकवापासून सांग, सावकाश.