मागचं पान कोरं नाही

सन्माननीय अध्यक्ष श्री. क्वेल, नगरपरिषदेच्या सदस्य आणि आजच्या प्रमुख पाहुण्या श्रीमती लॉरेन फिच, जिच्या निरोपासाठी हा सगळा खटाटोप ती आपली ग्रंथपाल एनिड ट्रेगॉनिंग, आणि घरून एकेक ताट भरून आणणाऱ्या माझ्या कॅरिक रीफकरांनो!

मी मर्ल बोसांको. चाळीस वर्षं पाव भाजले, त्यामुळे भाषणाची सवय नाही. पण भट्टीपुढे उभं राहायची आहे, आणि आज इथे तेवढंच गरम होतंय. मघाशी चहाच्या टेबलापाशी श्रीमती फिच मला म्हणाल्या, "मर्ल, आज हलकंफुलकं बोल हं. त्या पत्राचं नंतर बघू." मी विचारलं, "नंतर म्हणजे कुलूप लागल्यावर का?" त्या हसल्या. स्वभाव गोड आहे त्यांचा. पण पत्राबद्दल मी बोलणार आहे. अध्यक्षमहाराज, घंटा वाजवायची तर खुशाल वाजवा, माझा डावा कान तसाही कामातून गेलाय.

एनिडने आपलं वाचनालय पंचेचाळीस वर्षं सांभाळलं. सोमवारी आणि गुरुवारी, दहा ते पाच. पण तिचा सत्कार करायचा म्हणजे नेमका कशाचा करायचा? पुस्तकं देण्या-घेण्याचा? ते तर कुणीही करतं.

हे वाचनालय खाणकामगारांनी बांधलं तेव्हा पहिल्या ग्रंथपालाने एक रीत घालून दिली. पुस्तक परत करताना मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहायचं: नाव, तारीख, कुठे वाचलं, कसं वाटलं. ज्याला वाचता येत नसे त्याला घरचं कुणी वाचून दाखवी. मग त्याने फुली मारायची, आणि वाचणाऱ्याने शेजारी लिहायचं, 'ऐकले.' ऐकणाराही वाचकच, असं त्या माणसाचं म्हणणं होतं. त्यामुळे आपल्या पुस्तकांच्या मागे सगळं गाव होतं. 'पाय मोडून पडलो होतो, बायकोकडून ऐकले.' 'लोकर कातरणीच्या तंबूत वाचले, पाऊस.' 'तिसरा भाग चार मैल चालून आणण्याच्या लायकीचा नाही.' एका भल्या गृहस्थाने तर लिहून ठेवलं होतं, 'खलाशी शेवटी मरतो. उगाच जीव लावू नका.' पुढच्या सतरा जणांनी त्याला त्याच पानावर शिव्या घातल्यात.

होतं, म्हणाले मी. कारण ते आम्ही पुसलं.

आपल्या ऑस्ट्रेलियाच्या द्विशताब्दीचं, अठ्ठ्याऐंशीचं वर्ष होतं. गावोगाव रंगरंगोटी चाललेली. एनिड बहिणीच्या ऑपरेशनसाठी दोन आठवडे होबार्टला गेली होती. आम्ही अकरा बायकांनी ठरवलं, ती यायच्या आत वाचनालय लख्ख करून टाकायचं, तिला चकित करायचं! दोन शनिवार खपलो. खोडरबरं झिजली तेव्हा कुणाला तरी आठवलं की शिळ्या पावाच्या गराने कागद छान स्वच्छ होतो. पाव कुणाचा? माझा. सहाशे चाळीस पुस्तकांची मागची पानं आम्ही दुधासारखी पांढरी केली आणि वर लॅमिंग्टन केक खाऊन एकमेकींची पाठ थोपटली.

एनिड आली. दारातच मी ओरडले, "एनिड, बघ तरी!" तिने एक पुस्तक काढलं, मागून उघडलं. दुसरं काढलं. तिसरं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मर्ल, तुमचा चहा झाला असेल तर आता जा."

एवढंच. त्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. पुढे पाच महिने ती माझ्या दुकानाची पायरी चढली नाही. कोरडी बिस्किटं खाल्ली, पण माझा पाव घेतला नाही. बरोबरच होतं तिचं. आणि मी? मी गावभर सांगत फिरले की चांगलं करायला जावं तर हे असं अंगाशी येतं. आज एवढ्या लोकांसमोर सांगते, एनिड, मला लाज वाटत होती, म्हणून मी तुला नावं ठेवत होते.

ऑक्टोबरात एके दिवशी ती काउंटरपाशी उभी. "अर्धा पाव दे. आणि उद्या चार वाजता ये. चष्मा आण."

"कशाला?"

"प्रश्न विचारायचा हक्क तू खोडून बसलीयेस. ये म्हटलं की यायचं."

गेले. चारच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आडवं येतं. तिने एक पुस्तक उघडून ते पान त्या उन्हात तिरपं धरलं. शिसं गेलं होतं, पण पेन्सिलीने कागदाला पाडलेले चर तसेच होते. आणि गंमत बघा. डॉक्टरांच्या बायकोचं रेशमासारखं अक्षर साफ नाहीसं झालेलं, पण खाणीतल्या माणसांची ओबडधोबड अक्षरं जागच्या जागी. एनिड म्हणाली, "उशिरा शिकलेला माणूस पेन्सिल दाबून लिहितो, मर्ल. त्याचं लिहिलेलं पुसणं सोपं नसतं."

मग तिने बोट ठेवून मला वाचायला लावलं. माझी पणजी हेट्टी. आमच्या घरात तिची कायम चेष्टा व्हायची. अंगठाबहाद्दर, मेनूकार्ड उलटं धरणारी! आधीच्या नऊ पुस्तकांत तिची फुली आहे, शेजारी पणजोबांच्या हातचं 'ऐकले.' दहाव्यात फुली नाही. वेडीवाकडी, कागद फाटेल इतकी दाबून काढलेली अक्षरं आहेत: 'हेट्टी बोसांको. मे १८९४. माझे मी वाचले.'

ते पान मी माझ्या हाताने पुसलं होतं. माझ्याच पावाने.

क्षमा करा, घोटभर पाणी घेते.

तेव्हापासून छत्तीस वर्षं, ऊन असेल त्या प्रत्येक सोमवारी आणि गुरुवारी, चार ते पाच, एनिड त्या खिडकीत बसली. चारशे सव्वीस पुस्तकं तिने वाचून एकतीस वह्यांत उतरवली. दोनशे चौदा उरलीत. तिच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहेत, ही खरी तिच्या निवृत्तीची गोष्ट. थकल्याचं कारण तिने तुम्हाला शोभेसाठी सांगितलं.

आता नगरपरिषदेचं ते पत्र. जूनअखेर वाचनालय बंद करायचं, पुस्तकांच्या पानांचे फोटो काढायचे आणि पुस्तकं रद्दीत. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: 'मागील पाने कोरी असल्याने त्यांचे छायाचित्र घेण्याची आवश्यकता नाही.' श्रीमती फिच, तुमचा दोष नाही. कोरी दिसतात खरी. आम्हीच ती कोरी केली. वरून फोटो काढला तर हेट्टी दिसणार नाही. ती दिसायला पुस्तक लागतं, ऊन लागतं, आणि कुणीतरी बसावं लागतं.

यावर गुरुवारी वाचनालयाच्या विश्वस्तांचं मतदान आहे. मी विश्वस्त आहे आणि माझं मत 'नाही' असं आहे. नुसतं मत देऊन मी थांबणार नाही. आज सकाळी एनिडने वाचनालयाची किल्ली माझ्या हातात ठेवली. ही बघा. सोमवारी दहाला दार मी उघडणार, आणि चारला खिडकीत बसणार.

त्या अकराजणींपैकी आम्ही पाच अजून हयात आहोत. बाकी चौघी याच सभागृहात आहेत. उभ्या राहा गं. बेरिल, ऐकू येत नाही असं दाखवू नकोस, सँडविच म्हटलं की तुला बरोबर ऐकू येतं. हं, अशी. दोनशे चौदा पुस्तकं आहेत. पुसलं आपण, वाचायचंही आपणच. एनिड शेजारी बसेल, आणि आपण चुकलो की आपल्याला बोलेल. तेवढं तिला डोळ्यांशिवाय जमतं.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि ताटांवरचे रुमाल अजून न उचललेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. एनिड, तुझे आभार मानायला मला तोंड नाही, म्हणून सोमवारी येते. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, काही राहून गेलं असेल, तर उदार मनाने पोटात घाला. आणि नाहीच घालता आलं, तर मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. जरा दाबून लिहा.