गोविंदकाकांचं स्टॉपवॉच

लॅप टाइम कसा कमी करायचा म्हणून विचारतोयस ना? आधी घड्याळ कोणाच्या हातात देतोस ते बघ.

चेन्नईला होतो तेव्हा वेलचेरीत भाड्यानं राहायचो. घरमालक गोविंदकाका, तंजावरचे मराठी. काकू गेल्यापासून त्यांच्याशी मराठीत बोलणारं घरात कोणी उरलं नव्हतं. मुलं, सुना, नातवंडं सगळी तमिळच बोलायची. मग ट्रॅक डे, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली बाइक पळवायचा दिवस, असला की काका माझ्या मागे बाइकवर बसायचे आणि श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकपर्यंत कानाशी अखंड बोलत राहायचे. तिथं मी ट्रॅकवर, ते कठड्याशी स्टॉपवॉच घेऊन उभे.

"सव्वादोन मिनिटांच्या आत एक लॅप बसला की पुण्याला बदली मागणार," असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. नवे टायर टाकले, ब्रेक उशिरा मारायला शिकलो, वळणावर गुडघा जमिनीला घासेल इतकी बाइक झुकवली. दर वेळी काका घड्याळ पुढं करायचे. "अय्यो, थोडक्यात हुकलं!"

एकदा एक पोरगा पूर्ण लॅप माझ्या मागच्या चाकाला चिकटून होता. उतरला आणि नाचायलाच लागला, कारण त्याच्या मित्राच्या घड्याळात तो सव्वादोनच्या आत आला होता. काकांच्या घड्याळात मी मात्र बाहेर!

"काका, हे कसं काय?"

काका घड्याळाकडेच बघत राहिले. "थांबवायचं बटण मी जरा उशिरानं दाबतो. तुम्ही गेलात तर मी बोलू कोणाशी?"

पुढं आलोच मी पुण्याला. इथं दिवसभर मराठी कानावर पडतं रे. पण मी जाऊ नये म्हणून घड्याळ उशिरा थांबवणारं कोणी नाही.