आठवं पान

नलू : हे पान काढून टाक.

मोनाली : मामी, हेच एक पान नाही काढता येत. बाकी काहीही सांग. फ्रॉकचा रंग बदलते, घर बदलते.

नलू : फ्रॉक बदलून काय होते वो? कापसाच्या ढिगापाशी सतरंजी, पोरीचा हात पोटावर, अन् माय वाटीतून ओवा देऊन राह्यली. खाली काय लिवलं, वाच बरं.

मोनाली : ‘आई म्हणाली, काही नाही होत. झोप.’

नलू : माहेच शब्द. मी तुले रडता रडता सांगतले, अन् तू पोराइच्या पुस्तकात टाकले.

मोनाली : विचारूनच टाकले ना. तू हो म्हणाली होतीस.

नलू : मले वाटलं सापाचं पुस्तक आहे, त्यात सापच असंन.

मोनाली : सोळा पानांत साप एकाच पानावर आहे. मुद्दाम. मण्यार चावली ते कळतच नाही, मामी. दुखत नाही, सुजत नाही, दाताची खूणही शोधावी लागते. पोट दुखतं, मग पापण्या जड होतात. बघणाऱ्याला वाटतं, पोरीला झोप आली. साप ओळखून भागत नाही. ही झोप ओळखता आली पाहिजे.

नलू : मले आता समजावून काय फायदा?

मोनाली : तुला नाही. झरीकडच्या शाळांतल्या पोरांना. हे नववं पान बघ. चित्रं काढणाऱ्या अनघानं ते तीनदा काढलं. पहिल्यांदा डोळे इतके छान मिटवले की वाटावं, पोरगी गोड झोपली. मी म्हटलं, असं नको. पापणी अर्धी लोंबलेली पाहिजे. पोरगी उघडायला बघते, अन् उघडत नाही.

नलू : तशीच होती.

मोनाली : माहीत आहे.

नलू : अन् तुह्या पुस्तकातली? वाचते?

मोनाली : वाचते. आई फोन करते, गाडी येते, पांढरकवड्याच्या दवाखान्यात इंजेक्शन मिळतं.

नलू : म्हणजे थ्या मायले समजलं.

मोनाली : पुस्तकात समजतं.

नलू : चांगलं आहे.

मोनाली : मामी, दीपाचं नाव कुठेच टाकलं नाही.

नलू : दीपाच्या बाबाले नाव वाचता येते कुठं? अक्षर नाही येत, चित्र येते ना! मी त्याईले काय सांगतलं, माहीत आहे? पोरगी झोपेतच गेली. काही बोल्लीच नाही. थे ट्रक भराले गेलते. सकाळी आले अन् पहिलं हेच इचारलं, काही बोल्ली का? मी म्हणलं, नाही. दोन वर्षं झाले, तेच सांगून राह्यली.

मोनाली : हे तू मला सांगितलं नव्हतंस.

नलू : तू इचारलं नाही. तू इचारलं, पोट किती वाजता दुखलं. डोळे किती वाजता. सारा टाइम वहीत लिवून घेतला.

मोनाली : हो. तेवढंच विचारलं.

नलू : मंग काढ हे पान.

मोनाली : उद्या फाइल लोहाऱ्याला छापायला जाते. हे पान काढलं तर पुस्तकात नुसती शहाणी आई उरते. आधी ओवा सगळेच देतात, मामी. माझ्या आईनंही दिला असता. ते दिसलंच नाही, तर कोणत्या पोराला वाटेल की हे आपल्या घरात होऊ शकतं?

नलू : मले का समजत नाही? समजते म्हणून त् हात जोडून राह्यली. नाहीतर मीच फाडलं असतं.

(उकंडा दारातून आत येतो.)

उकंडा : कवा आली वो मोनाली? झालं का पुस्तक?

मोनाली : थोडं बाकी आहे, मामा.

उकंडा : दाखव ना. गावात पुस्तक लिवणारी तू पहिली, अन् मामालेच लपवतं?

नलू : आधी हातपाय धुवा.

उकंडा : धुतले. आण इकडं. साप बरोबर काढला. पट्टे जोडीजोडीनंच असते. अन् हे... आपलंच घर होय ना?

मोनाली : कोणाचंही असू शकतं.

उकंडा : हे माय काय देऊन राह्यली?

मोनाली : मामा, ते पान अजून पक्कं नाही...

नलू : ओवा.

उकंडा : कायले?

नलू : पोट दुखून राह्यलं होतं.

उकंडा : ह्या पोरीचं?

नलू : दीपाचं. दोनदा उठली. दोन्ही खेपा मी म्हणलं, झोप.

मोनाली : मामा, बसा जरा.

उकंडा : पुढचं पान दाखव. डोळे असेच होते?

नलू : असेच.

उकंडा : अन् हे शाळेतले पोरं पाहातीन?

मोनाली : हो. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही छापणार. खरंच नाही.

उकंडा : छाप. जसं आहे तसंच छाप.

मोनाली : मामा...

उकंडा : फक्त आमच्या घरी आणून देऊ नको.