दीपाच्या हातावरचा फुगवटा

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, सरपंच रत्नप्रभाताई, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, आपण ज्यांना निरोप देतो आहोत त्या अनघाताई, आणि मुकुटबनच्या माझ्या भावाबहिणींनो,

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी मी ओसरीत सतरंजी अंथरत होतो. माझ्या दीपाला आपल्या मुलासाठी पाहायला बोरी अरबहून सदाशिवराव येणार होते. आत तिची आई कौसल्या तिच्या हातावर हळद चोळत होती. कशासाठी? दोन दिवसांपूर्वी अनघाताईंनी तिथं तपासणीची सुई टोचली होती आणि लाल फुगवटा आला होता. टीबीच्या रोग्यासोबत एका घरात राहूनही काही माणसं आजारी का पडत नाहीत, हे ताई शोधत होत्या. शरीराने जंतू ओळखला की फुगवटा येतो, तो रोग नव्हे, असं त्यांनी कितीदा तरी समजावलं होतं. पण हळदीने तो बसेल, अशी आमची समजूत!

आमच्या घरचा रोगी कोण? मीच. पांढरकवड्याहून गोळ्या आणून गुपचूप बरा झालो. कुजबूज नंतर करा, पुढचं ऐका.

पाहुणे कापसाच्या पडलेल्या भावावर बोलत होते, तेवढ्यात ताई मोजपट्टी घेऊन दारात. फुगवटा त्याच दिवशी मोजायला हवा होता.

"ह्या कोण जी?" सदाशिवरावांनी विचारलं.

"दवाखान्यातल्या," कौसल्या म्हणाली.

"काहून? कोणाले काय झालं?"

मी सतरंजीची सुरकुती सरळ करू लागलो. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पट्टी पिशवीत टाकली. "कोणाला काही नाही काका, तहान लागली म्हणून आले." पाणी पिऊन त्या गेल्या. त्यांच्या संशोधनातली ती नोंद कायमची राहून गेली.

सोयरीक जुळली. एका संध्याकाळी मी सामुदायिक प्रार्थनेला निघालो, तर दीपाने अडवलं. "बाबा, तिथं लोकायले खरं बोला म्हणता. मंग माह्या सासरी काहून लपवून राह्यले? उद्या मले खोकला झाला, त मी कोणाले सांगू?"

त्या प्रार्थनेत माझे डोळे मिटले, मन मिटेना.

ताई, तुमचे आभार मानायला उठलो आणि घरचंच सांगत बसलो. मंडळी, बोलण्यात काही वावगं गेलं असेल तर आपला माणूस म्हणून पोटात घाला.

काल मी बोरी अरबला गेलो. म्हटलं, "सदाशिवराव, टीबी मले झालता. पुरा बरा झालो. पोरीले रोग नाही. आता तुम्ही ठरवा." ते म्हणाले, "घरात इचारतो." त्यांचा निरोप अजून आलेला नाही. दीपाला विचारून, तो यायच्या आत, गावालाही आज सांगून टाकलं.