ट्रेलरला फोम

ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या हार्डवेअर दुकानात, रांगेत माझ्यापुढे बापलेक उभे होते. लेकीने कॅम्पिंगसाठी गाडीमागे ओढायचा, आत झोपता येईल असा छोटा ट्रेलर घरीच बांधला होता. त्याच्या भिंतींना आतून लावायला तिने फोमच्या शीट घेतल्या होत्या.

“टेगन, ठेव त्या परत. उन्हाळ्यात दोन रात्री झोपायला फोम कशाला?”

“थंडीत भिंतींना पाणी सुटतं, बाबा. गादी भिजते.”

“खिडकी उघडी ठेवायची.”

“जुलैच्या थंडीत? वर डोंगरात बर्फ असतो.”

“जुलैत डोंगरात काय काम तुझं?”

“नोकरी लागलीय. घर मिळेपर्यंत ट्रेलरमध्येच राहीन.”

“आणि हे मला इथे, रांगेत सांगतेस?”

“घरी सांगायचा धीरच झाला नाही.”

रांग पुढे सरकली. ते दोघं तिथेच.

“किती जाड आहे हा?”

“एक इंच.”

“दोन इंची घेऊ. आणि कापायला मी येतो, तुझी रेघ कधी सरळ येत नाही.”