सुईण घोडी बघते

सौदागर : दात बघा, खूर बघा, हवं तर कानात फुंकर मारून बघा. वीस वर्षं घोडे विकतोय. माझं जनावर कुणी परत आणून बांधलंय, असं एकदाही झालेलं नाही.

नालबंद : परत आणायला तुम्ही सापडायला हवं ना. आज या बाजारात, उद्या खिंडीपलीकडं.

सौदागर : नालबंद, तुमची जीभ तुमच्या कानशीपेक्षा खरखरीत आहे.

सुईण : दोघांचं झालं असेल तर मला सांगा, घोडी घ्यायची की नाही.

नालबंद : घे ताई, डोळे मिटून घे. चारही खूर उचलून पाहिले. तडा नाही, सूज नाही. वय सात, फार तर आठ. दात घासून तरणी केलेली नाही, ते मी सगळ्यात आधी बघतो.

सुईण : डोळे मिटून मी काहीच करत नाही. आणि मला नुसती चालणारी नको, पळणारी हवी. खाणीच्या वस्तीची चढण तुला माहीत आहे.

सौदागर : एवढी कसली घाई असते बाई तुम्हाला?

सुईण : मी सुईण आहे. माझ्या कामाची वेळ मी ठरवत नाही. गेल्या महिन्यात खाणीवरून बोलावणं आलं. पायी निघाले, पोचले तेव्हा बाळ गेलं होतं. आडवं होतं ते. वेळेत पोचले असते तर फिरवून घेतलं असतं, माझ्या हातात आहे ते. अजून मनातून जात नाही. आता त्याच बाईच्या जावेचे दिवस भरत आलेत, पहिलटकरीण आहे. म्हणून घोडी हवी, आणि आज हवी.

सौदागर : मग हीच न्या. बघा कशी अंगात भरलीय. माझ्याकडं जनावर उपाशी राहत नाही.

सुईण : खायला घालता ते दिसतंय. पण मानेवर नाही, पाठीवर नाही, सगळं पोटावरच कसं चढलं?

सौदागर : ठेवणच तशी आहे तिची.

सुईण : असेल. एक बादली पाणी आणता? हौदातलं नको, विहिरीचं गार आणा.

(सौदागर बादली घेऊन विहिरीकडं जातो.)

नालबंद : ताई, गाभण आहे?

सुईण : चार खूर पाहिलेस, मधलं तेवढं राहिलं.

नालबंद : माझं काम गुडघ्याच्या खाली. पण मग गप्प बस ना. त्याला ठाऊक नाही. एकाच सौद्यात दोन जनावरं दारात येतील.

सुईण : आणि खाणीवर शिंगराच्या पाठीवर बसून जाऊ?

नालबंद : हिलाच हळूहळू ने.

सुईण : हळू जायला माझे पाय आहेत.

नालबंद : मग नको घेऊ. मुकाट्यानं निघू. त्याची घोडी, तो बघून घेईल.

सुईण : उद्या तो हिला लादून खिंड चढवणार. वाटेत पोर टाकेल ती. पोट ओळखून मी गप्प बसले, असं अजून झालेलं नाही. तुझ्या बायकोनं सांगायच्या आधी तुला कुणी सांगितलं होतं?

नालबंद : तू. दोन्ही वेळा.

सौदागर : हे घ्या पाणी. दोर संपेल इतकी खोल विहीर आहे तुमची.

सुईण : पिऊ द्या तिला. आता इकडं या. हात द्या. तिथं नाही, खाली, मांडीच्या पुढं. गार पाणी गेलं की आतलं हलतं.

सौदागर : आतलं काय हलणार? गवत? अहो बाई, थांबा.

सुईण : थांबलेच आहे.

सौदागर : लाथ मारली. आतून लाथ मारली हो तिनं.

सुईण : तिनं नाही, तिच्या पोरानं. दोनेक महिने राहिलेत.

सौदागर : आणि मी हिच्यावर मिठाच्या गोण्या लादून बारा दिवस चालवली. वर छाती काढून बोलत होतो. लाज वाटते बाई.

सुईण : लाज सवडीनं वाटू द्या. आता हिला ओझं नाही आणि खिंडही नाही.

सौदागर : तुम्ही बोलला नसता तर दोन्ही तुमची झाली असती.

नालबंद : मीही तेच सांगून पाहिलं.

सौदागर : नालबंद, तुमच्या तबेल्यात जागा आहे? ही वेईपर्यंत राहू द्या. चारा माझा. आणि बाई, खांबाला बांधलाय तो करडा घोडा, माझा स्वतःचा. चढणीला दमत नाही, पाण्याला बिचकत नाही. तो न्या.

सुईण : तो विकायचा नाही, असं मघाशी एकाला सांगत होता.

सौदागर : विकत कुठं देतोय? घोडी मोकळी होईपर्यंत वापरा. मी परत आलो की बसून ठरवू, कोण कुणाचं.

नालबंद : आणि तुम्ही खिंड कशी चढणार?

सौदागर : पायी. इतकी वर्षं घोड्यांना चालवलं, आता मी चालून बघतो.

नालबंद : ताई, थांब, याचेही खूर बघू दे. पुढची डावी नाल ढिली आहे. दोन खिळे मारतो.

सुईण : मार. तोवर मी गाठोडं बांधते.

सौदागर : अहो, खाणीवरून निरोप कुठं आलाय अजून? आत्ताच कशाला निघता?

सुईण : निरोपाची वाट गेल्या वेळी पाहिली होती. या वेळी कळा सुरू होतील तेव्हा मी तिच्या उशाशी असेन.