दिवस बुडायच्या आत सांग

हॅलो? … हॅलो, कोण? … वृषभ! बोल रं बाबा. तुझ्याच फोनची वाट बघत बसलेय. … काय? … जोरात बोल की, शेजारी यंत्रमाग चालू हाय. शहापुरात दुसरं काय ऐकू येणार! थांब, परसात येते. … हां, आता बोल.

व्हय, व्हय, आप्पा इथंच हायत. सुखरूप पोचल्यात. … दुपारच्या बसनं, निपाणीहून, एकटे. … तुला सांगितलं न्हाय? मला तरी कुठं सांगितलं! दार उघडलं तर समोर आप्पा. ऐंशीला टेकलेला माणूस, आणि हातात ट्रंक. … आईची रे, ती हिरवी. आत काय काय हाय ऐकतोस? चार धोतरं, स्वेटर… मे महिन्यात स्वेटर! आणि बस्तीत, देवळात, अभिषेकाला नेत्यात तो कलश. … कलश, कलश. दोन दिवस लेकीकडं राहायला आलेला माणूस कलश घेऊन येतो व्हय?

… भांडण झालं न्हाय म्हणतोस? … न्हाय ना, तू एका शब्दानं बोलला न्हाईस. तेच तर दुखणं हाय! तू बोलतोस कुठं? तू घरच्या ग्रुपवर कोडी घालतोस.

कसली म्हणजे? वाचून दाखवू? माझ्या श्रियानं काढून ठेवल्यात सगळी. ऐक. सोमवार. 'पिढ्यान् पिढ्यांचं ओझं उतरवायची वेळ आली आहे.' आणि खाली डोंगरावरनं उडणारी घार. … बरं, गरुड! मला काय करायचंय त्याच्याशी? आप्पांनी चष्मा पुसून पुसून तीनदा वाचलं म्हणे. आल्या आल्या मला म्हणाले, "ब्राह्मी, पोराला माझं ओझं झालंय. उतरवायचं म्हणतोय, तर मीच उतरलो."

… हॅलो? … वृषभ? … रडायलास व्हय? … अरे, तुझ्या मनात तसलं न्हाय ते मला ठाऊक हाय. लहानपणापासून बघत्ये तुला. पण त्यांनी काय समजायचं? … शांत हो. नाक शिंकर. आणि ऐक, अजून दोन बाकी हायत.

बुधवार. 'आपल्या घरातला धूर दुसऱ्याच्या घरात जातो, याचा कुणी विचार केला का?' … हसू नको! दिव्याला वाटलं, तू तिच्या न्हाणीघरातल्या बंबावर घसरलास. चार दिवस बंब पेटवला न्हाय तिनं. … मग? तुला काय वाटलं, लाकडं संपली? बायको गार पाण्यानं आंघोळ घालायलीय आणि हा आपला विचारवंत कुडकुडत बसलाय!

आणि शुक्रवार. 'मिरगाच्या आत निर्णय. ज्याला कळायचं त्याला कळेल.' ते भरमूला कळलं. … व्हय, आपल्या भरमूला. मला फोन केलता. "आक्का, वीस वर्षं तुमच्या रानात राबलो, आता मला काढणार काय?" त्याचा आवाज ऐकवत नव्हता रे.

… न्हाय, कुणीच विचारलं न्हाय. कसं विचारतील? 'म्हणजे काय' म्हटलं की आपण अडाणी ठरतो ना! सगळ्यांनी ग्रुपवर हात जोडले, अंगठे दाखवले, आणि मग एकेकानं गुपचूप मला फोन लावला. मी काय तुझ्या कोड्यांचं उत्तरपत्रिका केंद्र हाय?

… बरं, ते राहू दे. आत्ता वेळ न्हाय. सहा वीस झाल्यात. आप्पा सकाळपासून उपाशी हायत. … दुपारीबी न्हाय जेवले. "भूक न्हाय" म्हणत्यात. आणि तुला माहीताय, एकदा दिवस बुडाला की उद्या उजाडेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार न्हाईत. मी भाकरी थापून ठेवलीय, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, सगळं निवत चाललंय. अर्धा तास हाय तुझ्याकडं. तर सांग. ओझं कसलं? धूर कसला? निर्णय कसला?

… परिवर्तन? कशाचं परिवर्तन? … समाजाचं ऋण. बरं. म्हणजे काय? … वृषभ, फोन ठेवीन हं! … कुठं? … रानात. विहिरीजवळच्या रानात. हां, आता जमिनीवर आलास. तिथं काय? … काय म्हणालास? परत बोल.

… तंबाखू नको.

… यंदापासून तंबाखू लावायचा न्हाय. हळद आणि सोयाबीन. … आणि? … आणि काय न्हाय? एवढंच?

अरे माझ्या देवा! म्हणजे ओझं तंबाखूचं आणि धूर बिडीचा? एवढ्यासाठी गरुड उडवलास?

… काय? हळू बोलतोस, ऐकू येईना. … व्हय. … व्हय रे. कळतंय. … माझं कॉलेज त्यावर झालं, तुझं घर त्यावर उभं राहिलं, आईचं औषधपाणी झालं. ज्या हातांनी ते केलं त्या हातांना 'तुमचं पीक वाईट' असं तोंडावर कसं म्हणायचं? … खरं हाय. मलाबी धीर झाला नसता. पण एक सांगू? ते खुपतंय सगळ्यांनाच. पाणी गाळून पिणारी जैन माणसं आपण, मुंगी पायाखाली येईल म्हणून खाली बघून चालणारी, आणि रानात काय तर तंबाखू. मला खुपतं, दिव्याला खुपतं. ती मागं एकदा बोललीसुद्धा माझ्यापाशी. … तुझ्यापाशी कशी बोलेल? तू गरुडाबरोबर वर!

आता लिही. … ग्रुपवरच. जिथं घाण केली तिथंच झाडायची. मी सांगते तसं. 'आप्पा, यंदापासून आपण तंबाखू लावू नये असं मला वाटतं.' … लिहिलंस? वाच बघू. … 'नवी पहाट' कुठनं आली मध्येच? खोड. … खोड म्हणते ना! … हां. पुढं लिही. 'विहिरीजवळ हळद आणि बाकी रानात सोयाबीन करूया. भरमू आपल्याकडंच राहील.' … बंबाचं? ते दिव्याला तोंडानं सांग, घरातच हाय ती. आता शेवटचं तुझं तू लिही. … काय लिहिलंस? … 'मला एकट्याला जमणार न्हाय. घरी या.' … बास. … न्हाय, काही जोडू नको. लई चांगलं हाय. पाठव. आणि चित्र नको!

… माझं काय? … मी कधी कोडं घातलं? … रविवारी? … ते होय. 'माहेरच्यांना लेकीची आठवण कामापुरतीच येते.' ते… ते आपलं सहज. कुणाला उद्देशून नव्हतं.

… बरं, होतं. तुलाच होतं. … तू अंगठा दाखवलास त्यावर! अंगठा! … सांगते, स्पष्ट सांगते. संक्रांतीपासून तुझा फोन न्हाय, वृषभ. आई गेल्यापासून त्या घरातनं मला कुणी 'ये' म्हटलं न्हाय. मला आठवण येते तुझी. झालं समाधान? … नको, आता तू रडू नको, दोघांनी रडायला वेळ न्हाय. ऊन नारळाच्या शेंड्यावर गेलंय. पाठवलंस? … श्रिया! अगं श्रिया, आजोबांना चष्मा दे! आणि फोन दे त्यांच्या हातात!

… थांब रे, वाचत्यात. दारातनं बघत्ये मी. … ओठ हलायल्यात. … परत पहिल्यापासून वाचत्यात. … चष्मा काढला. … पुसला. … काय की बाई. … आप्पा, काय झालं? … आप्पा? … काय म्हणता? … वृषभ, ठेवू नको, ऐकत राहा. … व्हय आप्पा. … व्हय.

वृषभ, ऐक. आप्पा म्हणत्यात, अठरा वर्षांमागं बस्तीत मुनिमहाराजांपुढं त्यांनी तंबाखू न खायचा नेम घेतला. पिकवायचाबी न्हाय असं त्याच दिवशी मनात होतं. … ठाऊक न्हाय, मलाही आजच कळतंय. पण तू तेव्हा नुकता शेतीत आलतास. पहिलंच पीक तुझं, रोज रानात पळत जायचास. म्हणत्यात, "पोराच्या हातचं पीक कसं काढून घेऊ? म्हणून बोललो न्हाय."

… व्हय. … अठरा वर्षं. तू त्यांच्यासाठी गप्प, ते तुझ्यासाठी गप्प. कमाल हाय तुमची दोघांची. … आता काय करत्यात? टाइप करायल्यात. एका बोटानं. … आप्पा, अहो तोंडानं सांगा, वृषभ लाइनवर हाय! दिवस बुडायलाय! … न्हाय म्हणत्यात. ग्रुपवरच उत्तर देणार, सगळ्यांना कळलं पाहिजे म्हणत्यात. … व्हय, अजून टाइपच करायल्यात… आलं? वाच. … मोठ्यानं वाच.

… 'बरं. भरमूला सांग, तंबाखूची रोपं लावू नको. रविवारी येतो. ब्राह्मीला घेऊन येतो.'

… न्हाय, मी रडत न्हाय. डोळ्यात कचरा गेलाय. … गप रे! … येणार, येणार. बंब पेटवून ठेवा म्हणजे झालं.

श्रिया, ताट आण! आप्पा, बसा, बसा, ऊन हाय अजून. … बसले रे पाटावर. … घेतला पहिला घास. … व्हय, खरंच. … काय आप्पा? … काय म्हणता?

काय न्हाय रे. आप्पा म्हणत्यात, आजपासून घरात सगळं स्पष्टच बोलायचं ठरलंय न्हवं? तर भाजीत मीठ न्हाय. … दात काढू नको तू! … ठेव! ठेव फोन, मीठ आणू दे मला!